कुंडीचं बूच

घरातली झाडं तहानेनं मरत नाहीत, लाडानं मरतात. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकवत आले. हल्ली ते तोंडातून निघत नाही.

मी मोठी झाडं विकते, माणसाच्या उंचीची, घरात ठेवायची. टेबलावरच्या बोटभर कुंड्यांच्या भानगडीत मी पडत नाही. मोठं झाड देणं म्हणजे मुलगी देण्यासारखं असतं, आधी घर बघावं लागतं. खिडकी कुठल्या अंगाला आहे, पंखा कुठं आहे, जाता-येता कुणाचा धक्का लागेल का. पांढरा कागद खाली ठेवून मी त्यावर हाताची सावली पाडून बघते. सावली रेखीव पडली तर उजेड भरपूर, पुसट पडली तर बेताचा. पडलीच नाही तर सरळ सांगते, इथं खुर्ची ठेवा, झाड नको. लोक हसतात आणि माझंच ऐकतात. माझ्या या फटकळपणाचा मला फार अभिमान होता.

आई गेल्यावर बाबा दादाकडे राहायला आले. बाबा चाळीस वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधाच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून डोसाच्या खुणा दाखवायचे दिवस होते ना, तेव्हापासूनचे. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एक डोस चुकला नाही, असं डॉक्टरच सांगायचे. अशा माणसाला दिवसभर नुसतं बसवून ठेवलं तर तो गंजेल, म्हणून त्यांच्या खोलीसाठी मी झाड निवडलं. पामची टोकं वाळतात, आणि ती कातरत बसायला त्यांची नजर तेवढी बारीक राहिली नव्हती. मोठ्या पानांची नखरेल झाडं जागा बदलली की रुसतात. शेवटी रबराचं झाड पक्कं केलं, साडेपाच फुटी, चिवट, ओल्या फडक्यानं पुसता येतील अशा रुंद पानांचं. चिनी मातीची निळी कुंडीही मीच निवडली.

न्यायच्या दिवशी त्याला नुकतंच पाणी घातलेलं होतं आणि दादाची गाडी नवी होती. वहिनीचा जीव त्या फिकट सीटांसाठी खालीवर होत होता. म्हणून कुंडीच्या बुडाच्या भोकात मी एक रबरी बूच घट्ट बसवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "वर गेल्यावर आठवणीनं काढायचं." वर गेल्यावर माझा फोन वाजला. कुणाचा तरी पाम पिवळा पडला होता. पाण्याचा अतिरेक कसा वाईट, हे मी त्या बाईंना गॅलरीत उभी राहून पंधरा मिनिटं समजावलं. तोवर दादानं कुंडी ताटलीत ठेवून खिडकीशी सरकवली होती.

बूच तसंच राहिलं. ते मला कळलं सात महिन्यांनी.

बाबांना मी सगळं नीट शिकवलं होतं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. आठवड्यातून एकदा, रविवारी. बाबांनी एक काचेची बाटली शोधली, कागदाची पट्टी कातरून तिच्यावर चिकटवली आणि मला विचारलं, "चिमे, कितव्या खुणेपर्यंत?" मी म्हटलं, चौथ्या. ते अगदी खुशीत होते. पानं पुसताना झाडाशी बोलतात, असं वहिनी हसून सांगायची.

दुसऱ्या महिन्यात ते मला फोनवर म्हणाले, "अगं, ताटलीत कधी थेंबसुद्धा उतरत नाही."

"छान की! म्हणजे अगदी बेतानं घालताय," मी म्हणाले.

हे आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात. ताटलीत कधीच पाणी उतरत नाही असं एखाद्या गिऱ्हाइकानं सांगितलं असतं, तर मी पहिल्यांदा त्याला कुंडी उलटी करायला लावली असती. पण सांगत होते बाबा आणि कुंडी माझी होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग पानं पिवळी पडायला लागली. खालची आधी, मग मधली. मी गेले, एक लांब काडी मातीत बुडापर्यंत खुपसली आणि बाहेर काढली. ओली, काळी, कुजका वास मारणारी. वरची माती कोरडी होती, तरी माझं निदान ठरलेलंच होतं. दादा-वहिनींच्या देखत मी म्हणाले, "बाबा, तुम्ही याला रोज पाणी घालताय. दोन-दोनदासुद्धा."

"नाही गं. रविवारीच घालतो. खुणेपर्यंत."

"तुम्हाला आठवत नसेल."

 लहान मुलाची समजूत काढावी तशी मी त्यांची पाठ थोपटली. हो, मी ती थोपटली.

त्याआधी चष्मा फ्रिजवर सापडला होता, एकदा नळ चालू राहिला होता. अशा गोष्टी कुणाच्या घरी होत नाहीत? पण माझ्या निदानानंतर घरातल्या प्रत्येक गोष्टीला नवा अर्थ आला. आधी त्यांना गॅसला हात लावायचा नाही असं ठरलं. मग त्यांची दाराची किल्ली दादानं काढून घेतली, कारण एकटे बाहेर पडले आणि रस्ता विसरले तर? सकाळी एकट्यानं वाचनालयात जाऊन पेपर वाचणं त्याच दिवशी बंद झालं. मी जरा कुरकुरले, तर दादा म्हणाला, "तूच सांगितलंस ना? झाडातलं तुझ्याइतकं कुणाला कळतं?" दादाला दोष कसा देऊ? तो माझ्या शब्दावर चालला होता.

बाबांनी वाद घालणं सोडलं. उलट ते विचारायला लागले. मी जेवलो ना? गोळी घेतली ना? मी मनात म्हणायचे, बघा, वाढतच चाललंय.

शेवटी वहिनीचा फोन आला, झाडाची नुसती काठी उरली आहे, घेऊन जा. मी ते दुकानात आणलं आणि मागच्या फरशीवर पोत्यावर आडवं केलं. कुंडीच्या काठावरून काळं पाणी भळाभळा बाहेर आलं. एवढं पाणी आत कसं, म्हणून बूड फिरवलं, तर भोकात माझं बूच जसंच्या तसं बसलेलं होतं.

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. विसरले होते मी, आणि विसरभोळं ठरवलं बाबांना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरानंच शिक्षा सुनावली होती.

लगेच उठून दादाला फोन केला असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी तसं केलं नाही. बूच धुतलं, खिशात टाकलं आणि अकरा दिवस तिथंच ठेवलं. कुणाला कळणार होतं? झाड तर मेलंच होतं. आणि बाबा आता खरंच थोडं विसरत असतील, असंही मी मनाला सांगून पाहिलं. त्या दिवसांत कुणी पिवळं पडलेलं झाड घेऊन आलं की लाडाचं ते वाक्य मी टाळायचे. मी मुकाट्यानं त्यांची कुंडी उलटी करून बघायचे.

बाराव्या दिवशी दादाचा फोन आला. एक तारखेपासून बाबांजवळ दिवसभर बसायला एक बाई ठरवली होती. "त्यांना एकटं सोडायलाच नको," तो म्हणाला. "बाबांना सांगितलं, ते बरं म्हणाले."

बाबा बरं म्हणाले, हे ऐकून मला राहवेना. रविवार होता, मी तशीच तिकडे गेले. तिघंही चहाला बसले होते. मी बूच टेबलावर ठेवलं आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. सांगताना आवाज इतका बारीक निघत होता की दादानं दोनदा "काय?" म्हणून विचारलं, आणि मला ते दोनदा सांगावं लागलं.

दादानं बोटानं बूच जरा दूर सरकवलं. मग म्हणाला, "पण एका झाडावरून थोडंच ठरवलं आपण? बाकीचंही होतंच की. गॅस..."

"गॅसचं काय झालं होतं?" मी विचारलं.

"दूध उतू जाऊन विझला होता ना."

वहिनी कपातला चमचा फिरवत होती. ती म्हणाली, "ते दूध मी ठेवलं होतं. तेव्हा बोलले नाही."

 बाबांनी बूच उचललं, अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि म्हणाले, "चांगलं आहे. गळायचं नाही." ते उठून खोलीत गेले आणि ती बाटली आणि गोळ्यांचा एक जुना डबा घेऊन आले. डब्यात कागदाच्या अरुंद पट्ट्या होत्या, मधोमध ब्लेडनं नीट चिरलेल्या. प्रत्येकीवर एका रविवारची तारीख आणि बाबांची सही.

"तू म्हणालीस ना, त्यानंतर हे सुरू केलं," ते मला म्हणाले. "रविवारी पाणी घातलं की बाटली भरायची, झाकणावर पट्टी चिकटवून सील करायचं. दवाखान्यात करायचो तसं. पुढच्या रविवारी सील शाबूत असायचं. दर वेळी."

"मग बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुझं झाडातलं चुकायचं नाही. मला वाटलं, मी न्हाणीघरातल्या मगानं घालत असेन आणि विसरत असेन. मग मगही लपवून ठेवला." ते थोडं हसले. "तरी पानं गळतच होती. तेव्हा म्हटलं, आता आपला आपल्यावर भरवसा नको."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांचे हात धरले, माफ करा म्हणाले, तसंच दुसरं झाड आणते म्हणाले. त्यांनी मान हलवली. "नको गं. पुन्हा काही झालं तर?"

दादा आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्यानं किल्ली बाबांच्या कपाशेजारी ठेवली. "बाबा, ती बाई नाही येणार. वाचनालय उघडं असेल आत्ता. जाऊन या."

बाबांनी किल्ली खिशात घातली. चष्मा पुसला, चपला घातल्या, दार उघडलं. आम्ही तिघंही बघत होतो. उंबऱ्यावर ते थांबले, खिसा चाचपला आणि मागं वळले. दादाकडे नाही, वहिनीकडे नाही, त्यांनी माझ्याकडेच पाहिलं.

"चिमे," ते हळूच म्हणाले, "मी आज एकदा जाऊन आलेलो नाही ना?"

"नाही, बाबा," मी म्हणाले. त्यांनी विश्वास ठेवला आणि ते गेले.