लिकांकाबुरचं पाणी
सेलेदोनियोच्या गावातून लिकांकाबुरचा डोंगर कुठूनही दिसतो. पाट साफ करताना, कणसं सोलताना, अगदी परसाकडे बसलं तरी. पण गावातलं कुणी वर गेलेलं नाही. जाणार कसं? डोंगर बरोबर सीमेवर, आणि चिलीच्या, म्हणजे गावाच्या अंगाला सैन्यानं सुरुंग पेरून ठेवलेले. धड वाट आहे ती पलीकडून, बोलिव्हियातून.

दरवर्षी पाट साफ झाले की पाण्यासाठी डोंगरांना नावानिशी हाक घालायची, हे सेलेदोनियोच्या घराण्याचं काम. यंदा शहरात शिकून आलेल्या त्याच्या मुलीनं, इर्मानं, सरळ विचारलं, "बाबा, लिकांकाबुरच्या माथ्यावर तळं आहे म्हणतात, त्यातून पाणी बाहेर पडतं तरी का? नसेल तर हाका कुणाला मारता?"

झालं! म्हाताऱ्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पडत असेल तर कुठल्या अंगाला? आपल्या, की त्यांच्या? स्वतः बघितल्याशिवाय यंदा हाक घालणार नाही, असं त्यानं भर बैठकीत सांगून टाकलं. हाक नाही म्हणजे पेरणी नाही. गावाचं धाबं दणाणलं.

खिंड ओलांडून तो बोलिव्हियात मेव्हणीकडे गेला. ती, फोर्तुनाता, लोकांना डोंगरावर न्यायची.

"भावोजी, गुडघे आणलेत ना बरोबर?"

"तुझ्या बहिणीनं शिल्लक ठेवलेत तेवढे आणलेत."

पहाटे पायथ्याशी पोचल्यावर आधी डोंगराची परवानगी. सेलेदोनियोनं टोपी काढली, उजळत्या आभाळाकडे तोंड केलं, कोकाची पानं ठेवली, दारू शिंपडली आणि मान लववली.

"अहो भावोजी!" फोर्तुनाता किंचाळली. "कुणाला विनवताय? डोंगर पाठीमागं आहे तुमच्या!"

जन्मभर सूर्य त्यानं डोंगराआडूनच उगवताना पाहिलेला. इथं डोंगर मावळतीला.

"पाठ दाखवलीत त्याला! आता कसला घेतोय तो तुम्हाला वर!"

"आजवर तोंडच बघितलंय त्यानं माझं. पाठही बघू दे की," तो म्हणाला खरा, पण मनातून चरकला. वळून त्यानं सगळं पुन्हा केलं, दारू दुप्पट ओतली.

मग दगडगोट्यांची चढण. दोन पावलं वर, एक खाली. श्वास पुरेना. फोर्तुनाता शिव्या घालत पुढे, हा कण्हत मागे. 'परत जाऊ' मात्र एकदाही म्हणाला नाही.

दुपारी माथ्यावरचा कडा आला. आत, वाडग्यासारख्या खोलगट विवराच्या तळाशी, हिरवट तळं. कडेला बर्फ. सेलेदोनियो पोरासारखा हसला. मग आत उतरून फेरी मारायला लागला. प्रत्येक फट वाकून बघितली, दगड हलवून बघितले. तळ्याला तोंड कुठंच नव्हतं. पाणी इकडेही जात नव्हतं, तिकडेही नाही.

पोरीची शंका खरी निघाली. तो काठावर मटकन बसला.

"एवढंसंच आहे गं बिचाऱ्याकडं," तो म्हणाला. "आणि आम्ही वर्षानुवर्षं नुसतं दे, दे."

"मग यंदा हाक नाही?"

"हाक घालणार तर. नाव घेईन, कसा आहेस विचारीन. मागणार नाही." त्यानं आपल्या बाटलीचं बूच काढलं आणि पिण्याचं सगळं पाणी तळ्यात ओतलं.

"अहो, येडे झालात का? उतरताना काय प्याल?"

"तुझ्यातलं दे घोटभर," सेलेदोनियो म्हणाला आणि बाटली उलटी धरून शेवटचे थेंबही झटकले.