अबोल रुग्णाचा धडा

चैत्रातल्या दुपारी पत्रा तापून तडतडू लागला, की मला नसीम सिस्टरांचा आवाज ऐकू येतो. फिनेलने पुसलेली ओलसर फरशी, उंचावरच्या झरोक्यातून तिरपा उतरलेला पिवळा उजेड, मधोमध एक लोखंडी खाट, आणि त्या खाटेवर डोळे मिटून, छातीवर हात बांधून, एका खडूस म्हाताऱ्याच्या सुरात बोलणारी साठी उलटलेली बाई: "अहो, चादर बदलताय की मांडव घालताय? आज उरकेल ना?" भोवतीच्या बायका पदराआड हसायच्या, आणि ज्या दोघींच्या हातात चादरीची टोकं असायची, त्या मात्र भराभर कोपरे खोचायला लागायच्या.

हडपसरला, भाजीबाजाराच्या मागच्या अंगाला, घरोघरी जाऊन आजारी माणसांची सेवा करू इच्छिणाऱ्या बायकांसाठी एका संस्थेने हा वर्ग काढला होता. सिस्टर प्रात्यक्षिक घेत, मी शरीरशास्त्र. मांजरी, फुरसुंगी, मुंढवा अशा ठिकाणांहून येणाऱ्या या बायका सकाळी चार घरची धुणीभांडी किंवा शेतातली खुडणी उरकून आलेल्या असत. शाळा सुटून त्यांना जमाना झाला होता. मी फळ्यावर यकृत काढेपर्यंत अर्धी रांग पेंगलेली असायची, आणि त्यांचा राग करण्याएवढं त्राण माझ्यातही उरलेलं नसायचं.

आमच्या पुस्तकात 'रुग्णाशी सौजन्यपूर्ण व सहानुभूतीचे वर्तन ठेवावे' असं एक वाक्य होतं. ते मी एकदा निष्ठेने वाचून दाखवलं, तेव्हा फुरसुंगीची एक बाई म्हणाली, "मॅडम, आन् त्यानं ताट भिरकावलं तर?" पुस्तकात ताट भिरकावणारा रुग्ण नव्हता. त्यातले सगळे रुग्ण रेषांनी काढलेले, बिनचेहऱ्याचे, आज्ञाधारक होते. मी पान उलटलं. कोपऱ्यात बसलेल्या सिस्टरांनी तो प्रश्न ऐकला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक फडताळात ठेवलं आणि स्वतः खाटेवर आडव्या झाल्या.

सिस्टर नाना पेठेतल्या. त्यांच्या घराण्याच्या किती पिढ्या पुण्यात झाल्या, हे त्यांनाही सांगता येत नसे. आयुष्यभर एका मोठ्या रुग्णालयात नोकरी केल्यामुळे या शहरातली नाना तऱ्हेची माणसं त्यांनी आडवी पाहिली होती, आणि आडव्या झालेल्या माणसाचा मूळ स्वभाव कसा वर येतो हे त्यांना पाठ होतं. राखाडी साडी, कमरेला घट्ट खोचलेला पदर, मुळापासून कापलेली नखं. कुणालाही हात लावण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून ऊब आणायची त्यांची सवय इतकी जुनी होती, की भाजीवाल्याच्या टोमॅटोला हात लावण्याआधीही त्या तळवे घासत. मी त्यांना त्यावरून चिडवायचे. "टोमॅटोची तक्रार नाही, तुमची का?" असं त्या म्हणायच्या.

त्यांच्या पोतडीत किती रुग्ण होते! पेठेतले निवृत्त कारकून आबा, ज्यांना चहा गरम दिला तर पोळतो आणि कोमट दिला तर अपमान होतो. गेलेल्या नवऱ्याची वाट पाहत "आले का हो?" असं सारखं विचारणाऱ्या माई. आबांचं पहिलं दर्शन झालं तेव्हा मी माझ्या सासऱ्यांना ओळखलं आणि खुर्चीत अंग चोरून बसले. बायकांची पेंग कुठल्या कुठे गेली. आबांनी झिडकारलेली वाटी पुन्हा कशी पुढे करायची, माईंना खोटं न सांगता कसं सावरायचं, यावर जेवणाच्या सुट्टीतही वाद झडू लागले. संस्थेतून कुणीतरी येऊन पोर्शन मागे पडल्याची कुरकुर केली. "पोर्शन बराच पुढे आहे. बायका मागे राहिल्यात, म्हणून थांबले," सिस्टर शांतपणे उत्तरल्या.

मात्र रुग्ण संपवून उठताना त्या खाटेच्या कडेशी, दांड्याला धरून, क्षणभर तशाच बसून राहायच्या. आबा गेलेले असायचे आणि सिस्टर अजून परतलेल्या नसायच्या. त्या मधल्या क्षणात त्यांचा चेहरा फार थकलेला दिसे. मी पाण्याचा पेला पुढे करी, त्या मान हलवून नको म्हणत.

त्या वर्गात कमल होती. मांजरीची, पस्तिशीची, विधवा. तिच्या हाताला उपजत कसब होतं, पण ती बोलतच नसे. इतर बायका बांगड्या कोपरापर्यंत सारून त्यावर रुमाल बांधत, तरी त्यांची किणकिण व्हायचीच. कमलच्या हातांचा तेवढाही आवाज नव्हता. दोन घरांतून तिला परत पाठवलं होतं. पहिल्या घरातल्या आजीच्या टाचेवरची लाली तिला दिसली होती, पण तिने कुणाला सांगितलं नाही, आणि पुढे तिथे जखम झाली. दुसऱ्या घरातले आजोबा तिला भ्यायले. न बोलता कुणीतरी येतं, आपला पाय उचलतं आणि निघून जातं, याची त्यांनी धास्ती घेतली. तिसऱ्या घरातूनही परत आली असती, तर तिला मुलीला घेऊन दिराच्या दारी जाऊन राहावं लागणार होतं. तिला ते मरणाहूनही नकोसं होतं.

अबोल रुग्ण सिस्टरांनी कमलसाठी घडवला. या रुग्णाला वाचा नव्हती, हालचाल नव्हती, काय दुखतंय हे त्याला सांगता येत नव्हतं. सिस्टर अंग सैल सोडून पडत, आणि नियम एवढाच, की पेशंट बोलत नसेल तर तुम्ही बोलायचं. हात धरण्याआधी सांगायचं, कुशीवर वळवण्याआधी सांगायचं, बाहेर ऊन आहे की ढग आलेत हेही सांगायचं. "त्याच्या अंगाला काय होतंय, हे त्याला आधी कळू दे. चोरासारखा हात लावू नका," त्या म्हणत. एकेक बाई पुढे होई आणि ओशाळत का होईना चार शब्द बोले. कमलची पाळी आली की हॉलमध्ये फक्त पंख्याची घरघर. तिचे हात बिनचूक चालत, ओठ मिटलेले. सिस्टर उठून बसत, तिच्याकडे पाहत, आणि न रागावता म्हणत, "पुन्हा." किती वेळा पुन्हा म्हटलं असेल! मी तर आशा सोडली होती. मला वाटतं, सिस्टरांनीही रागाने नाही, पण थकून, थोडीशी सोडली असावी.

पौषातली ती दुपार. ऊन कोवळं, हवेत गारठा, बाजारातून कोथिंबिरीचा ओला वास येत होता. सिस्टर उशिरा आल्या. स्वारगेटला दुसरी बस लवकर मिळाली नाही, म्हणाल्या. जेवणाचा डबा त्यांनी उघडलाच नाही. "आज अबोल," एवढंच बोलून त्या खाटेवर पडल्या आणि त्यांनी डोळे मिटले. कमल पुढे झाली.

आणि कमल बोलली. "आई, मी कमल. आता तुमचा हात धरते हां." सगळ्या बायकांनी माना वर केल्या. "हात गार पडलाय तुमचा. पांघरूण घालते. बाहेर लई थंडी हाय आज. मेथी सस्त झालीया." आधी अडखळत, मग बांध फुटल्यागत ती बोलत गेली. मुलगी शाळेतून आल्याबरोबर काय खायला मागते, घरामागच्या शेवग्याला कसा बहर आलाय, सगळं तिने त्या मिटल्या डोळ्यांना सांगितलं. मागे कुणीतरी डोळे पुसले. मला फार आनंद झाला. शिकवणाऱ्याच्या नशिबी असे दिवस थोडे येतात.

"आता कुशीवर घेते हां तुमाला. भिऊ नका, मी हाय." कमलने त्यांना वळवलं, तसा सिस्टरांचा उजवा हात खाटेवरून घसरला आणि तसाच लोंबत राहिला. "सिस्टर लई भारी करत्यात," एक जण कुजबुजली, आणि दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या. कमलने सिस्टरांच्या ओठाच्या कोपऱ्यातली लाळ टिपली. पुन्हा त्याच बाजूने लाळ आली. ती थांबली, खाली वाकून तिने चेहरा न्याहाळला, आणि त्याच नव्या, मोकळ्या झालेल्या आवाजात म्हणाली, "मॅडम, ह्ये सोंग न्हाय. गाडी बोलवा."

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "यांचं बोलणं कधी बंद झालं?" आम्ही आठवू लागलो. कमल "मी कमल" म्हणाली तेव्हा? मेथीच्या वेळी? शेवग्याच्या? वर्गभर बायका त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या, आणि धडा कुठे संपला, आजार कुठे सुरू झाला, हे एकीलाही सांगता आलं नाही. डॉक्टर वैतागले. त्यांचं काही चुकलं नाही.

सिस्टर वाचल्या, पण वाचा परतली नाही. खराडीला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाला आईला दिवसभर सांभाळणारं माणूस हवं होतं, आणि कमल गेली. ते तिचं तिसरं घर. तिथून तिला कुणी परत पाठवलं नाही. मी भेटायला जाई तेव्हा कमलचं बोलणं अखंड चालू असे. एकदा मुलगा दारात उभा राहून आईच्या हालांविषयी माझ्याशी बोलू लागला, तर त्यालाच तिने बजावलं, "दादा, त्यांच्यासमोर त्यांचं असं बोलू नका. त्यांना सांगून बोला." तो ओशाळला आणि आईच्या उशाशी जाऊन बसला. सिस्टरांची नजर कमलवरून फिरे, त्या नजरेत कौतुक होतं की नुसती ग्लानी, ते मला उमगत नसे. ज्या जिभेने सगळ्या वर्गाला जागं केलं, तीच अशी निपचित पडावी, याचं मला फार वाईट वाटे, आणि खरं सांगायचं तर रागही येई. आषाढातल्या एका सकाळी, कमल त्यांचे केस विंचरत असताना, त्या गेल्या.

आता तो वर्ग मी एकटी घेते. खाटेवर एकदा मी झोपून पाहिलं, पण आबा मला जमेनात. मी फिसकन हसले आणि उठून बसले. कमल हल्ली मगरपट्ट्याजवळ एका आजोबांकडे असते. सुट्टी मिळाली की वर्गावर येते आणि नव्या बायकांना अबोल रुग्णाशी बोलायला शिकवते. परवा चादरीची घडी घालताना तिने एकाएकी विचारलं, "मॅडम, तुमी शरीर शिकवता. त्या दिवशी मी बोलले, ते सिस्टरांच्या कानावर गेलं असंल का हो?"

कानाची रचना मी इतकी वर्षं फळ्यावर काढत आले आहे. पडदा, तीन नाजूक हाडं, मेंदूकडे जाणारी नस, सगळं मला झोपेतही काढता येईल. तिथून पुढचं मला ठाऊक नाही. "गेलं असेल," मी म्हणाले.  कमलने चादर फडताळात ठेवली आणि मग, समोर कुणी नसताना, रिकाम्या खाटेकडे पाहून म्हणाली, "आता खिडकी लावते हां."

माणूस नेमकं कुठल्या क्षणी आपल्यातून गेलं हे कळलं नाही, तर मागे राहिलेल्यांनी त्याच्याशी बोलणं कधी थांबवावं हेही कळत नाही. आम्ही दोघी अजून थांबलेलो नाही.