बोट ठेवलेला रंग

अंगठ्याच्या नखाएवढे चौकोन, एकाखाली एक... आसिफाबादच्या रंगाच्या दुकानातून आलेलं ते गुळगुळीत कार्ड भागीरथाबाईंनी खिडकीशी नेऊन डोळ्यांजवळ धरलं, आणि पुन्हा सगळे चौकोन एकाच धुक्यात बुडाले. आपण बोट ठेवलं होतं ते नेमकं कशावर?

महिन्यापूर्वी दौलतने विचारलं होतं, "माय, बैठकीले कोणता रंग लावाचा?" मास्तर झालेला मुलगा, वांकिडीत स्वतःचं पक्कं घर, आणि आईला विचारतोय — अशा वेळी 'मला दिसत नाही' म्हणायचं? त्यांनी ठसक्यात बोट टेकवलं. "हा!" आणि आता बैठकीच्या चारी भिंती कोळशासारख्या काळपट करड्या. जन्मभर चुलीच्या धुराने काळवंडलेल्या भिंतींना चुना फासत आले मी, आणि म्हातारपणी बोट ठेवलं ते काजळीवर? छे, कुठंतरी पाणी मुरतंय. सून जयवंता तेव्हा शेजारीच बसली होती, आणि हसली होती — हसली का? बरं, तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची? 'तूच तर दाखवला' असं दौलत म्हणाला की पितळ उघडं.

आणि ते उघडं पडलं की काय होतं, हे शेजारच्या सोजरबाईंच्या घरी पाहिलं होतं. डोळे गेल्याचं कळलं त्याच दिवशी मुलाने हातातली काडेपेटी काढून घेतली, बाजेवर बसवलं; बाई बसली ती बसलीच. डोळ्यांच्या शिबिरातल्या तेलुगू डॉक्टरने मोडक्या हिंदीत सांगितलं होतं, मोतीबिंदू नाही, नस सुकतेय, गेलेली नजर परत येणार नाही. घरी त्यांनी सांगितलं, चष्मा लागेल म्हणे. डॉक्टरची चिठ्ठी पेटीत, लुगड्याच्या घडीखाली... रंगाच्या वेळी पेटी कुणी हलवली? जयवंतानेच.

"आत्याबाई, चहा ठेवता का? मी कपडे वाळू घालून राह्यली," अंगणातून जयवंता म्हणाली. "तुमच्याच हातचा पाह्यजे."

त्या उठल्या, स्वयंपाकघराच्या दारापाशी पोचल्या, आणि थबकल्या. हात भिंतीला लागलाच नव्हता. चुन्याच्या भिंतीत पांढरं दार हरवायचं, चाचपत जावं लागायचं. आज काळ्या भिंतीत पांढरी चौकट ढळढळीत उभी होती. बटणंही पांढरी. ओट्यामागेही तोच काळा रंग, त्यापुढे साखरेचा डबा पांढरा, चहापत्तीचा पांढरा — स्टीलचे कुठे गेले? पेंटर कुरकुरला होता, "अम्मा, मॅडम को चौखट एकदम सफेद होना बोलते."

म्हणजे माझं बोट कुठंही पडलं असतं तरी रंग हाच लागला असता... म्हणजे जयवंताला ठाऊक आहे. कधीपासून? दौलतला सांगितलं? की सांगितलं नाही, आणि मी आता कायमची तिच्या मुठीत? इतका गुपचूप चांगुलपणा कोण करतं! उद्या भांडण झालं, की हेच काढेल.

चहा उकळायला लागला. मागे पावलं वाजली, दारात थांबली. आता ती पुढे येणार, आता म्हणणार, सरका, मी करते... भागीरथाबाईंनी साखरेचा डबा जवळ ओढला.

"साखर जरा कमीच टाकजा," जयवंता म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.

भागीरथाबाईंना राग आला, इतका की डोळे भरून आले; आणि सुनेला ते दिसू नये म्हणून तोंड फिरवतानाच त्यांना कळलं, की हिच्यापासून लपवायला आपल्याजवळ आता एवढंच उरलं आहे.