बिनबोभाट शून्य

सासऱ्यांनी तिसऱ्यांदा खोलीत डोकावलं, तेव्हा तिला हसू आवरलं नाही.

"बाबा, आत या. निकाल दारातून ऐकू येत नाही."

"मी चष्मा शोधतोय."

"डोळ्यांवर आहे."

"मग सापडला म्हणायचा," असं म्हणत ते खुर्ची ओढून बसले.

तिच्यापुढे लॅपटॉपवर अहवाल उघडा होता. तिची कंपनी लिफ्ट चालवणारे प्रोग्रॅम बनवी, आणि माणसांनी लिहिलेल्या त्या ओळी यंत्राला कळतील अशा आज्ञांत उतरवणारा कंपायलर सासऱ्यांनी उमेदीच्या काळात, तिथेच नोकरीत असताना, एकहाती रचला होता. तो ठेवायचा की बाहेरून नवा आणायचा, हे उद्या तिच्या अहवालावर ठरणार होतं. हे काम तिच्याच गळ्यात पडावं, हा साहेबांचा विनोद असेल तर तो घरात कुणाला कळला नव्हता.

सून होण्याआधी ती त्या ऑफिसात रुजू झाली होती. त्यामुळे सासऱ्यांची बोलणी तिने लग्नाआधीच खाऊन घेतली होती. 'कंस उघडलात, मिटणार कोण?' अशी, सासऱ्यांनीच लिहून ठेवलेली, त्या कंपायलरची चूक दाखवायची भाषा. पण बोट अचूक जागेवर ठेवायचा, आणि का चुकलं तेही सांगायचा.

"गुण लिहिलेस?"

"पानभर."

"आणि दोष?"

"आहे म्हातारा संथ. शिवाय एक चूक दाखवली की संपावर जातो. ती सुधारल्याशिवाय पुढची सांगत नाही."

"माणसाला एका वेळी एकच चूक पचते, सूनबाई. तुमचा तो नवा?"

"एका दमात तीनशे दाखवतो."

"त्यातली पहिली खरी. बाकीची तिची पिलावळ."

ते खरंच होतं, आणि तिने तसं लिहिलंही होतं. पुढचा परिच्छेद मात्र सकाळपासून कोराच होता.

"अजून काहीतरी आहे," सासरे म्हणाले. "तू पेनाचं टोपण चावतेयस."

मग तिने सांगून टाकलं. गेल्या आठवड्यात तेच जुने प्रोग्रॅम नव्या कंपायलरमधून काढले, तर चाचणीच्या मनोऱ्यातली रिकामी लिफ्ट अस्तित्वातच नसलेल्या मजल्याच्या शोधात थेट छताला भिडली. कारण साधं होतं. आकडा ठेवायला जागा मागायची आणि त्यात सुरुवातीला काय ठेवायचं ते सांगायला विसरायचं, ही अख्ख्या ऑफिसची सवय. नव्याकडे अशा जागेत आधीचा कुठलाही केर पडलेला असे. जुना मात्र तिथे बिनबोभाट शून्य मांडून ठेवी.

"मग हा गुण झाला!"

"बाबा, एवढा टोचून बोलणारा तुमचा कंपायलर, नेमका तिथेच मूग गिळून बसतो. आम्हाला लाडावून ठेवलंय त्याने."

मायेची एक जात अशी असते, की ती चुकणाऱ्याला चुकल्याचं कळूही देत नाही आणि त्याच्या पायांतलं बळ अलगद काढून घेते. हे वाक्य तिच्या मनात पूर्ण उमटलं होतं; अहवालात ते शोभलं नसतं, आणि समोर बसलेल्या माणसाला ऐकवणं तर त्याहून अवघड होतं.

सासऱ्यांनी खुर्ची तिच्या शेजारी ओढली. मग म्हणाले, "सरक." लॅपटॉप त्यांनी स्वतःकडे ओढला, कंपायलरच्या पोटातली ती जागा न चाचपडता उघडली, आणि शून्य मांडणाऱ्या ओळीआधी दोन ओळी घातल्या. यापुढे तो शून्य मांडण्याआधी चूक बोलून दाखवणार होता.

"कशावर चालवून बघू?"

"त्याच्यावरच चालवा. तोही आमच्या प्रोग्रॅमच्याच भाषेत लिहिलाय ना?"

कंपायलरने स्वतःलाच वाचायला घेतलं, थोडं चालला आणि थांबला. पडद्यावर उमटलं: 'सुरुवातीचा आकडा कोण देणार, तुमचे तीर्थरूप?' खाली कंपायलरच्याच एका फाइलचं नाव. लिहिणारे अर्थात सासरेच.

"बापाला बोलतो!" ते म्हणाले.

"घराण्याचं वळण," स्वयंपाकघरातून त्यांचा मुलगा म्हणाला.

हसता हसता सासरे एकदम थांबले. त्यांचं बोट कळफलकावर अधांतरी राहिलं.

"म्हणजे बघ. उद्यापासून हा तुमची एकेक रिकामी जागा दाखवणार, तुम्ही ती भरणार. सगळ्या भरल्या, की तुमचे प्रोग्रॅम त्या नव्यामधूनही सुखरूप निघतील."

"हो."

"मग याला कोण विचारतो?"

तिला उत्तर ठाऊक होतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. "कुणी नाही, बाबा," ती हळूच म्हणाली. "पण तोवर वर्ष तरी जाईल. आमच्या चुका काय थोड्या आहेत?"

"तुझ्याच वर्षभर पुरतील."

"लिहू मग तसं? वर्षभर हा, मग नवा?"

"लिही. फक्त 'संथ' लिहू नकोस. 'सावकाश' लिही." त्यांनी आपली चुकलेली ओळ भरली, बदल ऑफिसच्या प्रोग्रॅमच्या साठ्यात पाठवून दिला आणि लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

तिने 'सावकाश' लिहिलं, आणि कोऱ्या परिच्छेदाला हात घातला.