कागदाबाहेरची नजर

साधनानं फोटो पुन्हा उचलून पानाच्या उजव्या बाजूला ठेवला, आणि मजकुराचं पुन्हा वाटोळं झालं. 'रंग सावळा' मधला 'सावळा' फोटोखाली जाऊन दडला. 'अंगात निळा शर्ट' मधला शर्ट खालच्या ओळीत एकटाच लोंबकळत राहिला. फोटोच्या कडेला आलेल्या वेलांट्या तर कात्रीनं छाटल्यासारख्या तुटल्या.

"याला काय शनी लागलाय का," ती पडद्याकडे बघत पुटपुटली.

हिंगोलीच्या बसस्टँडसमोर मुंजाजीचं छपाईचं दुकान होतं आणि तिथं कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम साधना करायची. लग्नपत्रिका, तेराव्याच्या गंधमुक्तीच्या पत्रिका, बी-बियाण्यांची हँडबिलं, सगळं तिच्या हाताखालून जायचं. चाळीस पानांची स्मरणिका तिनं एकटीनं लावली होती, तेव्हा कुठं अडलं नाही. आणि आज अर्ध्या कागदाचं एक पत्रक तिला दुपारपासून नाचवत होतं.

पत्रक हरवलेल्या पोराचं होतं. वर ठळक अक्षरांत 'आपण यांना पाहिलंत का?', खाली फोटो आणि वर्णन. पोराचं नाव प्रभू, वय सोळा. त्याची आई सिंधूबाई दाराजवळच्या स्टुलावर अंग आखडून बसली होती. बाप, नामाजी, मेंढरं घेऊन सिद्धेश्वर धरणाच्या काठाला उतरला होता. मेंढरं कुणाच्या भरवशावर सोडणार? म्हणून ती एकटीच आली होती. वारंगा फाट्यावरच्या एका हॉटेलवाल्यानं निरोप धाडला होता की अशा अंगाचं एक पोरगं ट्रकवाल्यांबरोबर येऊन-जाऊन असतं, फोटो आणून द्या, पुन्हा दिसलं तर धरून ठेवतो. पण असली पोरं एका जागी टिकत नाहीत. आज पत्रक गेलं तर गेलं. त्यात पाच वाजता लाईट जायची.

साधनानं फोटो डावीकडे नेला. मजकूर शहाण्यासारखा उजवीकडे सरकून बसला, वेलांट्या जागच्या जागी आल्या. तिनं सुटकेचा श्वास सोडला. तोच मागून मुंजाजी म्हणाला, "असं न्हाई जमायचं."

"आता काय झालं, भाऊ?"

"पोरगं कुठं बघून राहिलं, ते बघ की."

फोटो बहिणीच्या हळदीतला होता. काढणाऱ्यानं बटण दाबलं तेव्हा बाजूनं कुणीतरी हाक मारली असावी, कारण प्रभूनं मान डावीकडे वळवली होती. आता तो पानाच्या डाव्या कडेला उभा राहून कागदाच्या बाहेर बघत होता.

"फोटोतला माणूस मजकुराकडं बघत पाहिजे," मुंजाजी म्हणाला. छपाईचे शिशाचे खिळे जुळवायच्या काळापासून तो या धंद्यात होता आणि हे वाक्य त्यानं साधनाला हजारदा ऐकवलं होतं. "तो कागदाबाहेर बघाय लागला, की वाचणाराची नजर बी त्याच्यामागं कागदाबाहेर जाती. मग तुझा मजकूर काय भिंत वाचणार?"

उजवीकडे ठेवावा तर मजकूर फाटतो, डावीकडे ठेवावा तर नजर पळते. साधनानं मुकाट्यानं फोटो फ्लिप केला. एका क्लिकमध्ये प्रभूनं तोंड फिरवलं आणि तो गुमान मजकुराकडे बघू लागला. आरशात दिसतो तसाच तर दिसणार माणूस, त्यात काय बिघडलं? तिनं प्रिंट काढून सिंधूबाईच्या हातात दिली आणि चहा सांगायला उठली.

सिंधूबाईनं कागद जवळ धरला, मग लांब धरला.

"हा प्रभू न्हाई," ती म्हणाली.

साधना होती तिथंच थांबली. "मावशी, तुमीच आणलेला फोटो हाय तो."

"व्हय, मीच आणला. पण हा त्यो न्हाई. त्याच्यावानी हाय. त्याचा चुलतभाऊ असावा, तसा."

साधनाला वाटलं, छपाईत चेहरा काळवंडला असेल. तिनं फोटो उजळ केला. सिंधूबाईनं मान हलवली. मग थोडा गडद केला, तरी तेच. शेजारच्या पोराचा खांदा फोटोत घुसला होता, तो कापून चेहरा मोठा केला. मोठा केल्यावर मजकूर पुन्हा विस्कटला. तो सारखा करण्यात अर्धा तास गेला, आणि नवा कागद बघून सिंधूबाई म्हणाली, "आता तर लईच परका दिसून राहिला."

साधनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मावशी, नेमकं काय चुकलं, ते तरी सांगा ना."

"ते सांगता आलं असतं, तर तुला इतकी तकलीफ कशाला दिली असती, पोरी?"

"मावशी," मुंजाजी मध्ये पडला, "मशीन काय माणूस बदलती का? लेकराच्या काळजीत तुमालाच तसं वाटून राहिलं."

सिंधूबाई त्याच्यावर रागावली नाही. तिनं कागद मांडीवर ठेवला, त्यावरून एकदा पदर फिरवला, आणि म्हणाली, "काय लिव्हलं, ते तरी वाचून दाखव."

घड्याळात सव्वाचार झाले होते. साधनानं भराभरा वाचायला सुरुवात केली, उतारा वाचल्यासारखी. शेवटी ती म्हणाली, "प्रभू, तू जिथे असशील तिथून परत ये. तुला कोणीही रागावणार नाही."

"हे कुणी सांगितलं?"

"ते असतंच, मावशी. सगळ्या पत्रकांत टाकतो आपण."

"काढ ते."

"काहून?"

"त्याला खोटं वाटंल. त्याचा बाप रागावल्याबिगर ऱ्हातो व्हय? लांडग्यानं कोकरू नेलं, तर चार माणसांदेखत काठी घेतली त्यानं पोरावर. त्याच रातीला गेलं लेकरू." तिनं मांडीवरच्या कागदावर बोट टेकवलं. "बाप रागवंल, पण ये. असं लिव्ह."

मुंजाजीला हसू आलं होतं, ते त्यानं मिशीतच जिरवलं. "असं कुठं लिहितात का, मावशी?"

"मंग कसं लिव्हायचं? रागावणार न्हाई म्हणलं, तर त्यो म्हणंल, हे आपल्या घरचं नव्हंच."

साधनानं ती ओळ खोडली आणि बाई बोलली तशीच टाइप केली. बाप रागवंल, पण ये. पडद्यावर ती ओळ उघडीवाघडी दिसत होती, पण तिला हात लावायची साधनाची छाती झाली नाही. त्या ओळीकडे बघायला नको म्हणून तिनं वरचं वर्णनच पुन्हा वाचलं. "उंची पाच फूट. रंग सावळा. डाव्या भुवईवर जुन्या जखमेची खूण."

"व्हय. मेंढ्याचं शिंग लागलं व्हतं. हळद भरली म्या, तरी खूण राहिलीच."

"डोळ्याच्या लई वर हाय का खूण?"

सिंधूबाई स्टुलावरून उठली. टेबलाला वळसा घालून आली आणि लोकर कातरून खरबरीत झालेलं बोट तिनं साधनाच्या भुवईवर टेकवलं. "इथं. भुवई तुटली हाय इथं."

बोट डाव्या भुवईवर होतं. साधना हलली नाही. ते बोट तसंच असू देऊन तिनं फक्त डोळे पडद्याकडे वळवले. पडद्यावरच्या प्रभूची उजवी भुवई तुटलेली होती.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वारंग्याचा हॉटेलवाला काय करणार होता? फोटोत बघणार उजवी भुवई, मजकुरात वाचणार डावी, आणि समोर पोरगं आलं तरी हे ते नव्हे म्हणून सोडून देणार. दुपारपासून ही बाई घसा कोरडा करून तेच सांगत होती, आणि आपण उजेड कमी-जास्त करत बसलो. तिनं क्लिक केलं. प्रभूनं पुन्हा तोंड फिरवलं.

सिंधूबाई पडद्यापाशी वाकली. "आता आला," ती म्हणाली.

"पण बाहेर बघून राहिला की त्यो," मुंजाजी म्हणाला.

एक ओळ आखूड झाली होती म्हणून साधनानं फोटो शेवटचा उजवीकडे नेऊन बघितला. वेलांट्या परत तुटल्या. तिनं तो डावीकडे आणून सोडून दिला.

"बघू द्या, भाऊ. लाईट जाईल आता."

मुंजाजीनं तोंड वाकडं केलं, पण मशीन चालू केली. गठ्ठा बांधता बांधता लाईट गेलीच. सिंधूबाईनं पत्रकं लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून पोटाशी धरली. दुकानात पत्रिका चिकटवायला केलेली खळ होती, ती साधनानं तिला डब्यात घालून दिली.

सहाच्या बसला साधना स्टँडवर आली, तेव्हा एका खांबावर पत्रक लागलेलं होतं. खळ अजून ओली होती. सिंधूबाई कुठं दिसली नाही, वारंग्याकडे जाणारी जीप तिला मिळाली असावी. साधनानं लांबूनच पत्रकाकडे बघितलं आणि तिचं डोकं पुन्हा दुखायला लागलं. मुंजाजीभाऊचं खरंच होतं. पान बिघडलेलंच होतं. मजकूर एकीकडे, आणि पोरगं भलतीकडेच, गाड्या ये-जा करतात त्या फाटकाकडे बघत उभं. कुणी शिकाऊनं लावलं असतं, तर तिनं त्याला पुन्हा लावायला बसवलं असतं.

खांबापाशी डोक्याला पटका बांधलेला एक म्हातारा थांबला. ओठ हलवत त्यानं एकेक ओळ वाचली. शेवटच्या ओळीवर तो घुटमळला, ती पुन्हा वाचली, आणि मग त्यानं फोटोकडे बघितलं. बघता बघता त्याची मान हळूहळू डावीकडे वळली. फाटकाशी एक गाडी माणसं भरत होती. म्हातारा तिच्या खिडक्यांमधला एकेक चेहरा निरखत राहिला.

त्याच्या मागं उभ्या असलेल्या बाईनं विचारलं, "काय बघून राहिले, बाबा?"

"कुणाचं तरी लेकरू हाय," तो म्हणाला, आणि तिनंही तिकडे मान वळवली.

साधनाची बस लागली होती. कंडक्टर हाकारत होता. पायरीवर एक पाय ठेवून ती थांबली, आणि चढायच्या आधी तिनंही एकदा फाटकाकडे बघून घेतलं.