समजूत घालायची नाही

मन मोकळं करायला जमणाऱ्या आमच्या गटात बोल असं कुणी म्हणत नाही आणि गप्प बस असंही नाही. समुपदेशक ताई आमच्यातच खुर्ची टाकून बसतात. ना फळा, ना विषय! तीस वर्षं मुख्याध्यापिका होते मी. असला कारभार पाहून माझा जीव नुसता वरखाली होतो.

त्या दिवशी आठ जण होतो. पाच आठवडे चकार शब्द न काढलेला बसड्रायव्हर एकदम म्हणाला, "माझ्या बसखाली एक म्हातारा गेला. कोर्टानं मला सोडलं."

तो गुडघ्यावर हात घासत राहिला, पुढे बोलेना. ताई त्याच्याकडे बघत नुसत्या बसलेल्या. अगं बाई, धीर तरी दे माणसाला! मला काही राहवेना.

"अहो भाऊ, कोर्टानं सोडलं ना? मग तुमची काय चूक? विसरा आता."

तो ताडकन उठला. "बायको हेच म्हणते, साहेब हेच म्हणतात. इथेही तेच! आता कुठेच नाही बोलणार." पिशवी उचलून तो दाराकडे निघालासुद्धा.

"तुम्ही गेलात तर मला वाईट वाटेल," ताई म्हणाल्या. "पण अडवणार नाही."

हा गेला की कायमचा मिटला, आणि ते पाप माझ्या माथी.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "तुम्ही गप्प झालात आणि मला भीती वाटली. म्हणून बोलले." असं मी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. नवऱ्याला तर नाहीच नाही.

दाराच्या कडीवरचा हात तसाच ठेवून तो म्हणाला, "तेव्हा मी मोबाइल बघत होतो, बाई. कोर्टात सांगितलं नाही. कुणालाच नाही."

माझ्या ओठांवर पन्नास वाक्यं आली, मी ती गिळली. तो गर्रकन वळला.

"बोला की आता! म्हणा, तुमची चूक नाही!"

"नाही म्हणत," मी म्हणाले. "बसा. मी ऐकते."

पिशवी खाली ठेवून तो खुर्चीकडे आला. मग बसला.

"मी वर पाहिलं," तो म्हणाला, "तेव्हा त्या म्हाताऱ्यानं हात वर केलेला होता. थांब म्हणून."