यादीतले अकरावे नाव

बंद पडलेल्या टपाल कार्यालयाच्या मागच्या दालनात लष्कर आणि पोलीस यांचा संयुक्त कक्ष भरत असे. एकच लांब मेज. एका बाजूस सैनिकांच्या खुर्च्या, दुसऱ्या बाजूस पोलिसांच्या. भिंतीवर नकाशाही एकच होता, मात्र चहाच्या किटल्या दोन. आमची किटली घड्याळावर चालते आणि तुमची पोटावर, असे सुभेदार म्हणत. म्हणूनच तुमचा चहा गार असतो, असे पोलीस उत्तर देत. ही थट्टा सुरू झाली तेव्हा वरिष्ठांना वाटले, की आता मने जुळू लागली.

पोलिसांच्या बाजूस, अगदी कोपऱ्यात, जमादार बसत. त्यांच्या एकतीस वर्षांच्या सेवेतली एकोणीस वर्षे याच वस्तीच्या गस्तीत गेली होती. लहानथोर सारे त्यांना नाना म्हणत. त्या वर्षी बाजारात दोन स्फोट झाले होते आणि अडतीस माणसे प्राणांस मुकली होती. तिसरा स्फोट टळला तो एका किल्लीवाल्यामुळे. कोणी कोणती खोली भाड्याने घेतली, कोणी आल्या दिवशीच कुलूप बदलले, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? एका गोदामासाठी तिसऱ्यांदा किल्ली करून मागितली गेली, तेव्हा त्याने ती गोष्ट नानांच्या कानावर घातली. गोदामात स्फोटके सापडली. निरीक्षकांखेरीज कोणापुढेही तुझे नाव माझ्या तोंडून कधी बाहेर पडणार नाही, असा शब्द नानांनी त्याला दिला होता.

आपल्या माणसाचे नाव संशयितांच्या यादीतून काढायचे नाही, हा पोलिसांचा जुना रिवाज. काढले, तर यादी ज्याच्या ज्याच्या हाती जाईल त्याला तो माणूस कोणाचा हे उमगते. म्हणून गोदामाच्या किल्ल्या केल्यामुळे यादीत आलेले किल्लीवाल्याचे नाव अकराव्या क्रमांकावर तसेच राहिले. यादी लष्कराकडे गेली तेव्हा निरीक्षकांनी मेजरांना बाजूस घेऊन, अकराव्याला हात लावू नका, एवढेच तोंडी सांगितले. लष्कराची रीत याच्या नेमकी उलट. जे कागदावर नाही, ते त्यांच्या लेखी जगातच नाही. त्या मेजरांची बदली झाली. त्यांनी नव्या मेजरांच्या हाती नकाशे, वाहने, शस्त्रे, याद्या अशा एकशे चार बाबी सह्यांनिशी सोपवल्या. कानाने ऐकलेली एक बाब तेवढी राहून गेली.

एका मंगळवारी भर दुपारी लष्कराच्या गाड्या वस्तीत शिरल्या आणि यादीतल्या तेवीस जणांना उचलून घेऊन गेल्या. अकरावाही त्यांत होता. दुकानाची फळी उघडी, पकडीत अर्धवट घासलेली किल्ली तशीच अडकलेली.

नाना धावत कक्षात आले. त्यांनी निरीक्षकांना सांगितले, निरीक्षकांनी नव्या मेजरांना. मेजर सरळ मनाचे होते. त्यांचा चेहरा उतरला. चूक माझ्या माणसांकडून झाली आहे, तासाभरात त्याला घरी पोहोचवतो, असे म्हणत त्यांनी टोपी उचलली.

नाना दारात आडवे उभे राहिले. "साहेब, बावीस जण आत आणि हा एकटा घरी? आज सोडलात तर चार दिवसांत त्याचं प्रेत उचलायला मलाच जावं लागेल."

मेजर पुन्हा खुर्चीत बसले. त्या दिवशी दोन्ही दलांत प्रथमच टोमण्यांवाचून बोलणे झाले. कोणी कोणाच्या चुकीवर बोट ठेवले नाही. असे ठरले, की साऱ्यांना चार तुकड्यांत सोडावे आणि किल्लीवाल्याला तिसऱ्या तुकडीत; अगदी आधी नाही, अगदी शेवटीही नाही. म्हणजे अकरा दिवस. त्याच्याशी वागणे इतरांसारखेच असावे. हे शब्द उच्चारताना मेजर अडखळले.

"इतरांसारखं म्हणजे, नाना, सगळंच?"

नानांनी नकाशाकडे पाहिले. तेथे त्यांच्या परिचयाची प्रत्येक गल्ली होती.

"सगळंच," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून किल्लीवाल्याची बायको छावणीच्या फाटकाशी येऊन उभी राहू लागली. इतर स्त्रियाही असत. परंतु हिला नानांचा आधार वाटे, कारण ते वर्षानुवर्षे तिच्या दारावरून जात आणि तिच्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी करत. पहिल्या दिवशी तिने त्यांना भाऊ म्हटले. तिसऱ्या दिवशी नाना म्हटले. सहाव्या दिवशी तिने हाकच मारली नाही, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात ती शेजारणीला म्हणाली, "बघून घे. माझ्या घरचं पाणी प्यायलेला माणूस हाच."

नाना मान खाली घालून पुढे गेले. तिला एक शब्द सांगितला असता, तर उद्या तिचे रडणे बदलले असते, आणि वस्तीचे डोळे तेवढेच टिपण्यासाठी फाटकाशी उभे होते. हे सारे त्यांना कळत होते. घरी त्यांची पत्नी ताट वाढून समोर बसे. त्यांनी काही सांगितले नव्हते, तरी संसारात इतकी वर्षे काढलेल्या बाईला न सांगताही बरेच कळते. "तुम्ही जेवत नाही, त्यानं त्या बाईचं काय भलं होणार आहे?" असे ती एकदाच म्हणाली आणि नंतर ताट उचलू लागली.

नवव्या दिवशी किल्लीवाल्याचा मेहुणा नाहीसा झाला. टेम्पो चालवणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. त्याने फाटकाशी बहिणीची दशा पाहिली, टेम्पो तिच्या दारात लावला आणि निघून गेला. तो कोणाकडे गेला असावा, याचा तर्क वस्तीतल्या प्रत्येकाला करता येत होता.

अकराव्या दिवशी तिसरी तुकडी सुटली. किल्लीवाला सहा जणांबरोबर पायी चालत घरी आला. त्याची चाल पाहून कोणास शंका उरली नाही. शेजाऱ्यांनी त्याला हात धरून आत नेले. ठरवले होते ते तडीस गेले. त्याचा जीव वाचला.

आठ दिवसांनी सकाळी नाना जुने कुलूप घेऊन त्याच्या दुकानी गेले. त्यांच्या भेटीची रीत तीच होती. किल्लीवाल्याच्या उजव्या हाताची बोटे अजून सुजलेली होती. कानस धरवत नव्हती. त्याने कुलूप घेतले आणि मांडीवर ठेवले. नाना क्षमा मागण्याचे शब्द जुळवून आले होते. परंतु त्यानेच आधी तोंड उघडले.

"तुमची अडचण मला कळली, नाना. दुसऱ्याच दिवशी कळली. तुमच्यावर राग नाही." त्याने मांडीवरचे कुलूप उलटे केले. "मेहुणा कुठं आहे ते मला माहीत आहे. त्यांचं पुढचं काय ठरलंय, तेही थोडं कानावर आलंय. पण ते मी सांगणार नाही. बायकोचा एकुलता एक भाऊ आहे तो, आणि तो माझ्यापायी गेलाय."

"माणसं मरतील रे," नाना म्हणाले.

"मरतील," तो म्हणाला आणि कुलूप त्यांच्या हाती परत दिले.

नाना वाट वाकडी करून कक्षात पोहोचले. मेजाभोवती दोन्ही दलांचे अधिकारी त्यांची वाट पाहत होते. मेजरांनी स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली आणि निरीक्षकांनी विचारले, की आपल्या माणसाने काही सांगितले का.

खरे सांगावे, तर किल्लीवाल्याला दुपारच्या आत पुन्हा आणले गेले असते, आणि या वेळी जे घडले असते ते दिखाव्यासाठी घडले नसते. न सांगावे, तर बाजार उघडाच होता. स्त्रिया पिशव्या घेऊन निघालेल्या त्यांनी आताच वाटेत पाहिल्या होत्या.

"त्याच्याकडे आता काही नाही, साहेब," नाना म्हणाले. "मार खाऊन घाबरलाय. कोणी त्याच्यापाशी बोलत नाही."

पूर्वी लष्कराने पोलिसांच्या शब्दाची दोनदा पडताळणी केली असती, आणि पोलिसांनी लष्कराच्या. त्या अकरा दिवसांनी दोन्ही दलांत असा विश्वास निर्माण केला होता, की मेजरांनी केवळ मान डोलावली, सुभेदारांनी नोंद लिहिली आणि निरीक्षकांनी न वाचताच खाली सही केली.